सहाव्या तासाचं मौन

मुलाच्या डोक्यात काय चाललं आहे हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचा तक्ता भरून पाठवावा लागतो, हे आपल्याकडच्या शिक्षणाचं पहिलं तत्त्व आहे. दुसरं तत्त्व असं, की तक्ता भरायचं काम नेहमी अशाच माणसाकडे जातं, ज्याला कधीतरी चुकून ‘मला एक्सेल येतं’ असं बोलायची दुर्बुद्धी झालेली असते. पंचवटीत भाजीबाजारामागच्या कै. भागीबाई विद्यालयात ही दुर्बुद्धी गणिताच्या सलाउद्दीन अत्तार सरांना सात वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या जेवणात झाली होती. तेव्हापासून मुलांच्या वजनाचा, नखांच्या स्वच्छतेचा, आवारातल्या अकरा झाडांच्या उंचीचा, असा प्रत्येक तक्ता त्यांच्या टेबलावर येऊन पडायचा.

गेल्या नोव्हेंबरात संस्थेचे अध्यक्ष धोंडीराम अण्णा कुठल्याशा पाच दिवसांच्या मौनशिबिराला जाऊन आले. अण्णा पाच दिवस बोलले नाहीत ही संस्थेच्या इतिहासातली नोंदवण्याजोगी घटना होती (कार्यालयाने ती नोंदवली आहे). गप्प बसून अण्णांना फार बरं वाटलं, आणि इकडे संस्थेत सगळ्यांना त्याहून बरं वाटलं. आपल्याला जे बरं वाटलं ते संस्थेच्या नऊही शाळांतल्या मुलांना सक्तीने वाटलं पाहिजे, असं अण्णांच्या मनाने घेतलं. आठवड्याच्या आत परिपत्रक आलं: ‘विद्यार्थ्यांचे धार्मिक शिक्षण व आध्यात्मिक जीवन यांचा टप्पेनिहाय विकास’. टप्पे चार होते. प्राथमिक जाणीव, मध्यम शांती, उच्च शांती आणि आत्मसाक्षात्कार (फेब्रुवारीअखेर).

यासाठी रोज एक तास द्यायचा होता. आता दिवसाला तास काही नवा फुटत नाही, कुठला तरी जुनाच कापावा लागतो. मुख्याध्यापिका ललिता खैरनार बाईंनी वेळापत्रक समोर ठेवून विचार केला. इंग्रजीचा तास काढला तर पालक भांडायला येतात, खेळाचा काढला तर मुलं तोंडं पाडतात, कार्यानुभवाचा काढायला तो मुळात होतच नव्हता. गणिताचा काढला तर कोणी ब्रही काढत नाही, उलट वर्गात पेढे वाटायची वेळ येते. तेव्हा प्रत्येक वर्गाचा गणिताचा एकेक तास, आणि त्यात दहावी अ चा सहावा तास, म्हणजे अत्तार सरांचं जादा गणित, अध्यात्माच्या खाती जमा झाला. या नव्या अध्यात्म विभागाचे प्रमुख म्हणून बाईंनी अत्तार सरांचंच नाव पाठवलं. कारणं तीन दिली होती: सर मुसलमान असल्यामुळे ते आपल्या बाजूने झुकतील असा आरोप कोणी करणार नाही, कारण ते झुकले तर लगेच दिसेल, त्यांचा सहावा तास आता मोकळा आहे, आणि त्यांना एक्सेल येतं.

सरांना विभागप्रमुखपदाचं काही वाटलं नाही. वाटलं ते तासाचं, आणि तासातही वाटलं ते अंजली भोयेचं. ही पोरगी पेठकडच्या पाड्यावरची, पंचवटीत मावशीकडे राहून शिकायची. आईबाप द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे येऊन-जाऊन. गावचा बंधारा दोन पावसाळ्यांत दोनदा वाहून गेला होता, आणि तो बांधणाऱ्याला उतार मोजता येत नव्हता असं अंजलीचं ठाम मत होतं. म्हणून तिला पॉलिटेक्निकला जाऊन सिव्हिल करायचं होतं. अडचण एवढीच, की घटक चाचणीत तिला बीजगणितात चाळीसपैकी अकरा होते. बाप बारकू भोये एकदा शाळेत येऊन अगदी शांतपणे सांगून गेला होता, की पास झाली तर शिकवीन, नाय झाली तर बागेत घेऊन जाईन आणि पुढल्या वर्षी उजवून टाकीन. म्हणजे तिच्या लग्नाची तारीख गणिताच्या पेपरावर ठरायची होती, आणि त्या पेपराची तयारी व्हायची ती सहाव्या तासात.

सर मात्र सरळमार्गी माणूस. परिपत्रक आलं आहे तर ते पाळायचं. पहिलं काम होतं तासिकेची वाटणी. सगळ्या धर्मांना न्याय द्यायचा, तर पटसंख्येच्या प्रमाणात द्या, असं बाई म्हणाल्या. तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे एकवीसशे सेकंद. पट पाचशे पंचवीस. म्हणजे डोई चार सेकंद. इतकं सुरेख निःशेष उत्तर आल्याचं सरांना समाधान वाटलं. हिंदू मुलं तीनशे त्रेसष्ट, त्यांची चोवीस मिनिटं बारा सेकंद. बौद्ध चौऱ्याऐंशी, पाच मिनिटं छत्तीस सेकंद. मुसलमान एकाहत्तर, चार मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. जैन सहा, चोवीस सेकंद. आणि शरणपूरकडून येणारा आठवीतला सुनील हा एकटा ख्रिस्ती, त्याचे चार. सगळ्या शाळेत तक्रार न करणारा तेवढाच निघाला. ‘आमेन’ म्हणून एक सेकंद उरतो, असं त्याने सांगितलं.

बाकी ठिकाणी चोवीस मिनिटं बारा सेकंदांत आधी रामरक्षा की आधी हरिपाठ, आरती बसून की उभ्याने, यावरून शिक्षकखोलीत दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं (योजनेतलं हे पहिलं यशस्वी मौन). त्यात अंजलीने येऊन विचारलं, की आमचा वाघदेव कोणत्या रकान्यात येतो. सरांकडे एकही सेकंद शिल्लक नव्हता. शेवटी चौथ्या दिवशी बाईंनी ठराव केला, की सर्व धर्मांना समान रीतीने मान्य होईल अशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे कोणीही काहीही न बोलणं. धार्मिक शिक्षणाचा अभ्यासक्रम अशा रीतीने एकमताने तयार झाला. पुस्तक छापायचंही वाचलं.

नियम तेरा होते. मुलांनी जमिनीवर बसावे, डोळे मिटावेत. वही, पेन, फळा, खडू यांचा वापर करू नये. नियम सातवा असा, की आरंभी मार्गदर्शकाने एक चिंतनविषय एकदाच स्पष्ट आवाजात द्यावा. नियम आठवा, की हा विषय विद्यार्थ्यांच्या जीवनाशी निगडित असावा. आणि नियम अकरावा, की तासिका चालू असताना वर्गात कोणीही, कोणत्याही कारणास्तव प्रवेश करू नये.

हा अकरावा नियम आला आणि सर चमकले. कारण एरवीचा तास म्हणजे काय, तर सरांनी फळ्यावर समीकरण मांडायचं आणि झिपरू शिपायाने दारात उभं राहायचं. कोणाच्या आधारची झेरॉक्स, कोणाची जंताची गोळी, कोणाचा डबा, बाईंनी बोलावलंय, माहिती अर्ध्या तासात वर पाठवायचीय. पस्तीस मिनिटांत झिपरू सरासरी तीनदा यायचा, आणि प्रत्येक वेळी एक्स कुठे होता हे पोरांना नव्याने शोधावं लागायचं. आता सलग पस्तीस मिनिटं दार बंद. बारा वर्षांच्या नोकरीत सरांना अशी चैन कधी मिळाली नव्हती, आणि मिळाली तेव्हा फळा बंद. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात तसं.

पहिले तीन दिवस सरांनी ‘दया’, ‘क्षमा’ आणि ‘शांती’ हे विषय दिले. दयेत मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना चिमटे काढत होती, क्षमेत दोघं घोरले. शांतीच्या दिवशी सर रांगांमधून फिरत होते तर अंजलीचे ओठ हलताना दिसले. वाकून त्यांनी हळूच विचारलं, की काय म्हणतेस.

“कालचं गणित, सर,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “डोळं मिटलं की आकडं हलत नाय. फळ्यावर लय हलतात.”

सर त्या दिवशी घरी जाताना गोदेच्या पुलावर स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ उभे राहिले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना थांबवेना, तेव्हा चहाच्या वेळीच बायकोला, शहनाजला, सगळं सांगितलं. हा तास देवाच्या नावाने काढलाय, त्यात आपण बीजगणित घुसवलं तर ती देवाची चोरी होईल का, असं त्यांचं खरंच मन खात होतं. शहनाज पीठ मळत होती. ती आधी हसून म्हणाली, की जुम्म्याच्या नमाजात किती रकात (आवर्तनं) झाल्या हे तुम्ही शेजारच्याकडे बघून ठरवता, आणि पाचशे पोरांच्या आत्म्याचा हिशेब तुमच्याकडे दिला, कमाल आहे. मग जरा थांबून म्हणाली, ज्याच्या नावाने तास काढलाय त्यानेच चंद्र-सूर्य हिशेबाने फिरवलेत, त्याला गणिताचं वावडं नसणार. सरांना ते पटलं. तसं त्यांना पटवून घ्यायचंच होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सरांनी सातव्या नियमाप्रमाणे एकदाच, स्पष्ट आवाजात, चिंतनविषय दिला: एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य. आठव्या नियमाचाही भंग नव्हता. मार्चमध्ये पेपर असलेल्या मुलांच्या जीवनाशी याहून निगडित काय असणार? बोलायचं नाही म्हणून उत्तर बोटांनी द्यायचं ठरलं. दोन्ही हात गुडघ्यांवर. एक उत्तर उजव्या हाताच्या बोटांवर, दुसरं डाव्या. उत्तर धन असेल तर तळवा आभाळाकडे, ऋण असेल तर जमिनीकडे. सर रांगांतून फिरायचे. बरोबर असेल तर खांद्यावर एक टिचकी, चुकलं असेल तर दोन, म्हणजे पुन्हा कर.

चौतीस पोरं डोळे मिटून बसली की वर्गाचं रूपच बदलायचं. कपाळाला आठ्या, ओठ पुटपुटतायत, बोटं हळूच उघडतायत, मिटतायत. चिमटे बंद झाले, घोरणं बंद झालं, कारण कोणाच्या खांद्यावर किती टिचक्या पडल्या हे डोळे मिटूनही सगळ्यांना ऐकू यायचं. महिन्याभरात अंजलीच्या खांद्यावरच्या दोन टिचक्यांच्या मधूनमधून एक पडायला लागली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेची मूल्यांकन समिती आली. स्वतः अण्णा, त्यांच्यासोबत गंगापूर रोडला ध्यानाचे वर्ग घेणाऱ्या मोहिनीताई, आणि मागे फोटो काढायला कार्यालयातला माणूस. बाईंनी आधीच सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की क्रमांक खाली आला तर दहावीचा संध्याकाळचाही तास अध्यात्माला द्यावा लागेल, अण्णा तसं बोललेत. सरांनी मनात हिशेब मांडला. क्रमांक खाली आला तर आणखी एक तास जाणार, आणि तासात काय चालतं ते कळलं तर हा तास, विभाग आणि बहुतेक नोकरीही जाणार. त्यातही आपण गेलो तरी चालेल, पण परीक्षेला पाच आठवडे उरले असताना या पोरीचं कसं होणार, एवढंच त्यांना सुचत होतं.

समितीकडे गुणपत्रक होतं. चेहऱ्यावरील तेज वीस गुण. कपाळावरील एकाग्रता वीस. ओठांची निःशब्द हालचाल पंधरा. हस्तमुद्रा वीस. अश्रू पाच (ऐच्छिक). गणवेश वीस.

सरांनी घसा खाकरला. विषय बदलावा असं एकदा मनात आलं, पण दयेवर ही पोरं पाच मिनिटंही टिकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जरा गंभीर, लांबवलेल्या स्वरात म्हटलं, “एक्सचा वर्ग... वजा एक्स... वजा बारा... बरोबर शून्य.” मोहिनीताईंनी ‘शून्य’ ऐकलं आणि आपणही डोळे मिटले.

नंतरची वीस मिनिटं समितीने जे पाहिलं ते आधी कुठेच पाहिलं नव्हतं. बाकीच्या आठ शाळांत मुलं डोळे किलकिले करून घड्याळ बघत होती. इथे एकाही पोराला पाहुण्यांकडे बघायला सवड नव्हती. चौथ्या रांगेत अंजलीचं काही केल्या जुळत नव्हतं. सहा आणि दोन घेऊन बघितले, बारा आणि एक घेऊन बघितले. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. अण्णांनी अश्रूंपुढे पाच मांडले. आणि मग एकाएकी तिच्या कपाळाची आठी गेली, चेहरा उजळला. उजव्या हाताची चार बोटं आभाळाकडे उघडली, डावा हात पालथा होऊन तीन बोटं जमिनीकडे टेकली. सरांनी जाऊन खांद्यावर एक टिचकी मारली. कार्यालयातल्या माणसाने नेमका तोच फोटो काढला.

मोहिनीताई अंजलीच्या समोर खाली बसल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी विचारलं, बाळा, आत्ता आत काय चाललं होतं?

सरांना ठाऊक होतं, पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

“गणित करत होते, ताई,” अंजली म्हणाली. “लय वेळ जमं ना. मंग जमलं.”

मोहिनीताईंनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग अण्णा म्हणाले, की एवढ्याशा लेकराने आयुष्याचं सार सांगितलं, जगणं म्हणजे गणितच, साठ वर्षांत आपल्याला हे असं सांगता आलं नाही. मोहिनीताईंनी ते वहीत उतरवून घेतलं. सरांनी प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला, की अण्णा, ती खरंच वर्गसमीकरण सोडवत होती. अण्णांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, सर, तुमची ही नम्रता शाळेला पुढे नेईल. सत्य सांगूनही कोणी विश्वास ठेवत नाही असा अनुभव सरांना पहिल्यांदाच आला, आणि तो इतका सुखाचा असतो हेही.

शाळेला सत्त्याण्णव गुण मिळाले. तीन गेले ते बुटांना पॉलिश नसल्याबद्दल.

अंजलीचा फोटो मोठा करून नऊही शाळांत लावला गेला. त्या हातांना ‘पंचवटी मुद्रा’ असं नाव मिळालं, आणि बाकीच्या आठ शाळांतली मुलं रोज चार बोटं वर, तीन खाली करून, कपाळाला आठ्या घालून, ओठ नुसतेच हलवायला शिकली. गंगापूर रोडवर मोहिनीताईंच्या वर्गात मोठी माणसं ती मुद्रा करतात आणि गुडघेदुखीला फरक पडतो म्हणतात. इंदिरानगरच्या शाखेत शिक्षकाने चुकून तीन वर, चार खाली शिकवलं. त्यावर संस्थेने खुलासा मागवला. अत्तार सरांनी कागदावर करून पाहिलं. तेही बरोबरच होतं, फक्त वजा एक्सच्या जागी अधिक एक्स घ्यावा लागत होता.

यशाचं बक्षीस म्हणून दहावीला अध्यात्माचा दुसरा तास मंजूर झाला. तो मराठीतून कापला. त्या संध्याकाळी मराठीचे नाथा सर अत्तार सरांच्या टेबलाशी घुटमळले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, की समास बोटांवर बसतील का. पुढच्या आठवड्यात इतिहासवाले सनावळ्या घेऊन आले. फेब्रुवारीत अशी वेळ आली, की शाळेत अखंड, बिनव्यत्यय अभ्यास फक्त अध्यात्माच्या तासाला होत होता, आणि बाकीच्या तासांना सगळे शिक्षक अध्यात्माचे तक्ते भरत होते.

निकाल लागला. चौतीसच्या चौतीस पास. अंजलीला गणितात शंभरपैकी एकसष्ट. पॉलिटेक्निकच्या यादीत नाव लागल्याचं कळलं तेव्हा बारकू भोये शाळेत आला. जाताना सरांच्या टेबलावर बेदाणे ठेवून गेला. सरांना त्या दिवशी एकही तक्ता भरता आला नाही, डोळ्यांपुढे रकाने धूसर दिसत होते.

जूनमध्ये संस्थेने सभागृहात सत्कार ठेवला. सरांनी माइकवर पुन्हा एकदा खरं सांगितलं, की आम्ही सहाव्या तासाला गणित करायचो. टाळ्या थांबेनात. मग अण्णांनी सर्वांना दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. सवयीने सरांनी स्वतःचे डोळे उघडेच ठेवले आणि रांगांवरून नजर फिरवली. चारशे मोठी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि एकूण एकाची बोटं चालू होती. अण्णा पेरांवर संस्थेच्या निवडणुकीतली मतं मोजत होते. मोहिनीताई नव्या वर्गाचे प्रवेश मोजत असाव्यात, कारण मध्येच त्यांचा चेहरा उजळला. ललिता बाई नाश्त्याच्या बशा मोजत होत्या. झिपरू दाराशी उभा राहून खुर्च्या मोजत होता. सगळ्या सभागृहात दोनच हात स्वस्थ होते. अंजली शेवटच्या रांगेत बापाशेजारी बसली होती, हात मांडीवर मोकळे, कपाळ कोरं. तिचं गणित सुटलेलं होतं, आता तिला मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौथा टप्पा, आत्मसाक्षात्कार, फेब्रुवारीअखेर गाठायचा होता; चार महिने उशीर झाला, पण शाळेतल्या एका मुलीने तरी तो गाठला. तक्त्यात तिच्या नावापुढे सरांनी काहीच भरलं नाही.

वाचकहो, तुम्हीही डोळे मिटून हात जोडताच. पुढच्या वेळी जोडाल तेव्हा जरा बघा, ओठ कशाचे हलतायत. रांगेत पुढे किती जण आहेत, चपला बाहेर आहेत ना, घरी पोचायला किती वाजतील. गणित तुम्हीही वर्षानुवर्षं करताय. फक्त मागून कोणी येऊन खांद्यावर टिचकी मारत नाही, त्यामुळे एक पडायला हवी होती की दोन, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.